मावशींच्या झोपेतलं नाम

भूल देणाऱ्या डॉक्टरला भीती वाटत असेल, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. भीती रुग्णाने बाळगायची, काळजी नातेवाइकांनी करायची आणि धीर आम्ही द्यायचा, अशी जणू वाटणीच ठरलेली असते. वसई-विरारमधल्या लहानमोठ्या रुग्णालयांत जाऊन रोज कुणाला ना कुणाला झोपवायचं आणि काम आटोपलं की जागं करायचं, हा माझा पेशा. बरीच वर्षं मी त्या वाटणीतली माझी बाजू नीट सांभाळली. माझे यजमान गेले आणि ती माझ्याच्याने सांभाळेना.

ते हृदयविकाराने गेले. सकाळची वेळ होती, वसईच्या आमच्या घरात ते खिडकीशी उभे राहून चहा पीत होते आणि मी पलीकडे डबा भरत होते. कप पडल्याचा आवाज आला म्हणून मी वळले. त्यानंतर मला जे जे येतं ते सगळं मी केलं. स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकून दोन्ही हातांनी त्यांची छाती दाबत राहिले, रुग्णवाहिका येईपर्यंत आणि ती आल्यावरही. ते परत आले नाहीत. भेटायला आलेली माणसं म्हणत, "घरात डॉक्टर असूनही..." आणि पुढचं वाक्य तसंच सोडून देत. ते अर्धं वाक्य माझ्या अंगात रुतून बसलं.

त्यानंतर माझ्यात दोन गोष्टी बदलल्या. माझ्या माहेरी दत्ताची उपासना होती. लहानपणापासून मीही रोज दत्ताचं नाव घेत आले होते, आंघोळ झाली की, स्कूटर सुरू करताना, रुग्णाला झोपवण्याआधी. ते थांबलं. मी देवावर रागावले होते असंही नाही. राग असता तर भांडायला तरी गेले असते. बोलायलाच काही उरलं नव्हतं. दुसरी गोष्ट अशी की, हृदयाचा आजार असलेला रुग्ण समोर आला की माझे हात गार पडू लागले. कुणाला कळायचं नाही, मी काम नीटच करत होते. पण हळूहळू अशा रुग्णांना मी मुंबईला पाठवा म्हणून सांगू लागले. सल्ला चुकीचा नसायचा. तो मी का देते आहे, हे मात्र मला ठाऊक होतं.

अशा दिवसांत एका सर्जनचा मला फोन आला. छातीच्या शस्त्रक्रिया करणारा हा तरुण मुलगा मुंबईहून आठवड्यातून काही दिवस महामार्गाजवळच्या एका रुग्णालयात येत असे. त्याच्याकडे जमनाबाई नावाच्या सत्तरीच्या एक बाई दाखल होत्या. खाडीकडच्या गावातल्या, घरची चाफ्याची आणि मोगऱ्याची बाग, थोडी भातशेती. न्यूमोनिया होऊन त्यांच्या उजव्या फुप्फुसाभोवती पू साचला होता. नळी टाकून काही निघाला, पण उरलेला घट्ट होऊन फुप्फुसावर त्याची जाड साल धरली होती. फुप्फुस त्या सालीत आवळलं गेलं होतं आणि ताप उतरत नव्हता. छाती उघडून ती साल सोलून काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि बाईंना मागे हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेला होता. हृदयाचं पंपिंग निम्म्याहूनही खाली होतं.

वैद्यकाबाहेरच्या माणसासाठी थोडं सांगते. अशा शस्त्रक्रियेत रुग्णाला कुशीवर झोपवून एका बाजूचं फुप्फुस काही काळ बंद ठेवावं लागतं, म्हणजे सर्जनला काम करता येतं. तेवढा वेळ सगळं शरीर एकाच फुप्फुसावर चालतं. सुदृढ हृदय ते निभावून नेतं. दुबळ्या हृदयाला भूल दिली तरी धोका आणि भूल कमी पडून दुखलं तरी धोका. रक्तदाब थोडा उतरला तर हृदयालाच रक्त पुरत नाही, थोडा चढला तर ते दमतं. दोरीवरून चालण्यासारखं असतं हे, आणि दोरीवर आपण नसतो, दुसऱ्याचं माणूस असतं.

"मॅडम, मुंबईला विचारलं," सर्जन म्हणाला. "बेड मिळायला वेळ आहे, आणि ह्यांच्याकडे तेवढा वेळ नाही. इथल्या एका डॉक्टरांनी भूल द्यायला नकार दिलाय. तुम्ही नाही म्हणालात तर मलाही करता येणार नाही."

मी म्हटलं, बघून सांगते. खरं तर माझा नकार ठरलेला होता. पण न बघता फोनवर नाही म्हणणं मला बरं वाटेना, म्हणून संध्याकाळी मी रुग्णालयात गेले.

जमनाबाई खाटेवर उशांच्या चळतीला टेकून बसल्या होत्या. आडवं झालं की त्यांचा दम कोंडत असे. बारीक अंगकाठी, केसांचा घट्ट अंबाडा, छातीच्या कडेतून निघालेली नळी खालच्या बाटलीत गेलेली. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता आणि ओठ हलत होते. त्यांचा मुलगा हरेश शेजारी उभा होता, चाळिशीतला, उन्हात काम करणारा गडी, डोळे जागरणाने लाल. त्याने माझी ओळख करून दिली. मी नाडी पाहिली, छाती तपासली, पायांवरची सूज दाबून पाहिली. घरी किती चालता, असं विचारलं.

"विहिरीपर्यंत जाते ना. पन मधे औदुंबराखाली बसावं लागते," त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाय, तू नाय म्हनायला आलीस ना?"

माझ्याच्याने खोटं बोलवेना. मी म्हटलं, "मावशी, तुमचं हृदय फार थकलंय. झोपवलं तर..." आणि थांबले. मीही आता अर्धं वाक्य सोडून देत होते.

"आनि नाय झोपवलं तर?"

उत्तर त्यांनाही ठाऊक होतं, हरेशलाही. तो खिडकीकडे वळला.

मग त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात तापाने कढत होता. "लोकं सांगतात म्हातारपनी मरनाची भीती राहत नाय. मला तर वाटते. खूप वाटते," त्या म्हणाल्या. प्रत्येक वाक्यामागे त्यांना श्वास घ्यावा लागत होता. "पन मरनापेक्षा तुझ्या त्या झोपेची भीती वाटते. साधी झोप लागली तरी मला आत कुठेतरी माहीत असते, मी आहे, दत्तमहाराज आहेत. तुझ्या झोपेत काय होते? मी कुठं असेन?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. किती वेळ लागेल, दुखेल का, शुद्ध कधी येईल, जेवण कधी, हे सगळे विचारतात. भुलेचं औषध मेंदूत काय करतं ते मला सांगता आलं असतं. पण ज्या "मी"बद्दल त्या विचारत होत्या, तो त्या वेळात कुठे असतो, हे मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं, "मला माहीत नाही, मावशी."

त्यांना त्या उत्तराने बरं वाटलं असावं. हात न सोडता त्या म्हणाल्या, "मग एक कर. लग्न करून आले तेव्हापासून मी गुरुदेव दत्त म्हनते. माझ्या सासूनं दिलंय. काम करताना, फुलं काढताना, मनात चालूच असते. तुझ्या झोपेत ते तुटेल. तेवढा वेळ तू घे माझ्यासाठी. मी उठले की परत माझं मी घेईन."

हरेश संकोचून म्हणाला, "आई, डॉक्टरांना त्यांचं काम असते."

"तिचं काम ती करेल. हे मनातल्या मनात करायचं हाय."

मी हो म्हटलं. का म्हटलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी नकार द्यायला गेले होते आणि जबाबदाऱ्या घेऊन बाहेर पडले, त्याही दोन. जिन्यावर हरेशने मला गाठलं. त्याला मी काहीही न लपवता सांगितलं, की आई टेबलावरच जाऊ शकते. त्याने मान हलवली. मग म्हणाला, "तुम्ही असाल ना पन पूर्ण वेळ?" मी म्हटलं, भूल देणारा डॉक्टर रुग्णाला सोडून कुठेही जात नसतो.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी होती. वाटेत स्कूटर चालवताना माझं मन सारखं पुढे धावत होतं. कुठलं औषध आधी, कुठलं हाताशी, हृदय लटपटलं तर काय, थांबलं तर काय. बाजारात केळीचे घड उतरत होते, रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, चर्चमधून सकाळची मिसा आटोपून माणसं बाहेर पडत होती. सगळ्यांचं जग जागेवर होतं. यजमान गेले त्या सकाळीसुद्धा बाहेर असंच सगळं चालू असणार, असं मनात आलं. रुग्णालयाच्या आवारात स्कूटर उभी करून मी क्षणभर तिच्यावरच बसून राहिले. परत फिरावं, तब्येत बरी नाही म्हणून कळवावं, हाही विचार आला. मग उठले आणि आत गेले.

थिएटरमध्ये माझ्या मदतीला सांडोर गावची सिस्टर सेलीन होती. आम्ही पुष्कळ वर्षं एकत्र काम केलेलं. ती कमी बोलते आणि हवी ती वस्तू मागायच्या आत हातात देते. मी मावशींच्या मनगटातल्या धमनीत बारीक नळी घातली, म्हणजे प्रत्येक ठोक्याचा रक्तदाब पडद्यावर दिसत राहील. पाठीत मणक्यालगत दुसरी बारीक नळी सरकवली, तिच्यातून दुखणं बधिर करायचं औषध जाणार होतं. मावशी सगळ्याला निमूटपणे वाकत होत्या, वळत होत्या. टेबलावर डोकं उंच ठेवून मी त्यांच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क धरला. मास्कखालून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत निव्वळ भीती होती. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि वाकून म्हटलं, "मावशी, द्या आता माझ्याकडे." त्यांनी डोळे मिटले.

अशा हृदयाच्या माणसाला भुलेचं औषध अगदी थोडं थोडं द्यावं लागतं. रक्तच सावकाश फिरत असतं, त्यामुळे औषधाला मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. परिणाम दिसेना म्हणून घाई करून आणखी दिलं की सगळं एकदम जाऊन पोचतं आणि हृदय बसतं. म्हणून थोडं द्यायचं आणि थांबायचं. ते थांबणं फार कठीण असतं. मी थांबले. पापण्यांची हालचाल संपली, जबडा सैल झाला. रक्तदाब उतरू लागला, मी तो सावरला. घशातून दुहेरी नळी घातली, जिच्यामुळे दोन फुप्फुसांना वेगवेगळा वारा देता येतो. दुर्बिणीतून ती जागेवर आहे याची खात्री केली. मावशींना डाव्या कुशीवर वळवलं, उजवं फुप्फुस बंद केलं आणि सर्जनने छाती उघडली.

आता मला दिलेला शब्द पाळायचा होता. पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं झालं. इतक्या काळाने ते नाव मनात घेताना ते परकं वाटत होतं, उधारीचं वाटत होतं. तशात माझं लक्ष पडद्यावर, औषधांवर, सर्जनच्या हातांवर. दोनदा म्हणायचे आणि विसरायचे. मग मला यंत्राचा भाता दिसला. आमच्या त्या जुन्या यंत्रात काचेच्या नळकांड्यामागे काळा भाता खालीवर होतो. तो खाली बसला की रुग्णाच्या छातीत वारा जातो, वर उचलला की श्वास बाहेर येतो. मी नाम त्याला जोडून टाकलं. भाता खाली जाताना गुरुदेव, वर येताना दत्त. त्यांचा श्वास आणि त्यांचं नाम, दोन्ही आता एकाच चालीने चालू लागलं. मन दुसरीकडे असलं तरी डोळ्याच्या कडेने भाता दिसायचा आणि नाम आपोआप पुढे सरकायचं. गुरुदेव... दत्त. गुरुदेव... दत्त.

काम बराच वेळ बरं चाललं. साल चिवट होती. सर्जन चिमूट चिमूट सोलत होता आणि रक्त झिरपत होतं. मग एकाएकी पडद्यावरची रक्तदाबाची रेघ बसू लागली. उंच लाटा होत्या त्या ठेंगण्या झाल्या, पाठोपाठ ठोके वेडेवाकडे पडू लागले. अंगातला प्राणवायू दाखवणारा आकडा अजून ठीक होता. रक्त एकदम वाहिलं म्हणावं तर तसंही काही नव्हतं. सर्जनने हात थांबवून विचारलं, "हार्ट जातंय का?"

ज्याला मी भीत होते ते समोर आलं होतं. कानात कप पडल्याचा आवाज आला. खरंच आला, इतका स्पष्ट, की मी मागे वळून पाहिलं. हृदय बसत चाललं आहे असंच मला वाटलं आणि माझा हात त्याला जोराने चाबूक मारणाऱ्या औषधाच्या सिरिंजकडे गेला. ठोके आधीच विसकटलेले असताना ते औषध म्हणजे हृदय एक तर सावरणार, नाही तर कायमचं थांबणार. पण करायला दुसरं काही नव्हतं. असं मला तेव्हा वाटत होतं.

एवढ्या घालमेलीतही आतलं नाम सुरूच होतं, आणि ते अडखळलं. "गुरुदेव" झालं, "दत्त" म्हणू लागले, तर दत्त पुरतं होईना. शब्द लांबतच राहिला आणि तो संपायच्या आत पुढचा गुरुदेव सुरू झाला. पुन्हा तसंच. सिरिंज हातात तशीच धरून मी भात्याकडे पाहिलं. तो वर येत होता, पण वरपर्यंत पोचत नव्हता. मध्येच होता तोवर पुढच्या श्वासाने त्याला खाली दाबलं. वारा आत जात होता आणि पूर्ण बाहेर पडत नव्हता. चालत्या फुप्फुसात तो साठत चालला होता. फुगलेलं फुप्फुस हृदयाला आवळत होतं, म्हणून रक्तदाब पडत होता. हृदय आपलं काम करत होतं. त्याला जागाच उरली नव्हती.

मी सिरिंज खाली ठेवली. सर्जनला म्हटलं, हात बाहेर घ्या, वरचं, उजवं फुप्फुस फुगवते आहे. नळी यंत्रापासून सोडवली. कोंडलेला वारा फुस्सकन बाहेर आला आणि पडद्यावरची लाट थोडी उचलली. उजव्या फुप्फुसात प्राणवायू भरला. डाव्या बाजूच्या नळीत सक्शनची नळी जाईना, कशाला तरी अडत होती. मागायच्या आत सेलीनने दुर्बीण माझ्या हातात दिली. आत पाहिलं तर घट्ट बुळबुळीत बोळा नळीच्या तोंडाशी अडकला होता, झडपेसारखा. वारा आत सोडत होता, बाहेर येऊ देत नव्हता. एवढ्यात प्राणवायूचाही आकडा उतरायला लागला. बोळा दोनदा निसटला. सेलीनच्या ओठांतून येशूचं नाव निघालेलं मला ऐकू आलं. तिसऱ्या खेपेला तो सक्शनबरोबर बाहेर आला.

भाता वरपर्यंत आला. दत्त पूर्ण झालं.

मग आकडे एकेक करून परतले. ठोके काही वेळ विसकटलेलेच राहिले आणि नंतर आपले आपण ओळीला लागले. सर्जनने थोडं थांबून काम पुढे सुरू केलं. सेलीनने स्टूल माझ्यामागे सरकवलं. मी बसले आणि पुढचा सगळा वेळ नाम घेत राहिले. आता ते उधारीचं वाटत नव्हतं.

ज्या गोष्टी मी पाहिल्या त्या अशा. आता कुणी म्हणेल, अनुभवी डॉक्टरच्या ते लक्षात यायचंच, यंत्राच्या दाबाच्या आकड्यावरूनही कळलं असतं. खरं आहे. आणखी काही क्षणांत यंत्राने आवाजही दिला असता. पण ते काही क्षण त्या हृदयाकडे होते की नव्हते, हे मला ठाऊक नाही; तोवर माझ्या हातून ते औषध गेलं असतं, हे मात्र ठाऊक आहे. भीतीने मला फक्त हृदय दाखवलं होतं, कारण माझ्या घरात हृदयच थांबलं होतं. माझी नजर दुसरीकडे वळली ती एका अपुऱ्या राहिलेल्या नावामुळे. यापलीकडे मला काही सिद्ध करायचं नाही.

मावशींना त्या दिवशी लगेच जागं केलं नाही. अतिदक्षता विभागात यंत्रावरच ठेवलं. ती रात्र मी घरी काढली, पण डोळ्याला डोळा लागला नाही. भीती सरली नव्हती. शुद्ध येईल का, आली तर मेंदू शाबूत असेल का, मधल्या गडबडीत काही इजा तर झाली नसेल. सकाळी जाऊन पाहिलं तर त्या हाकेला डोळे उघडत होत्या, सांगितलं की हात घट्ट धरत होत्या. दुपारच्या आत घशातली नळी काढली. पहिला शब्द "पानी" होता. मी चमच्याने दोन थेंब दिले. हरेश काचेपलीकडे उभा होता, तो आत येईना. तिथेच भिंतीला कपाळ लावून उभा राहिला.

वॉर्डात हलवल्यावर मी त्यांना भेटायला गेले. मनात एक हाव होती, ती लपवत नाही. त्यांनी काही पाहिलं असेल, प्रकाश, पादुका, काहीतरी, आणि ते त्या मला सांगतील, अशी. मी विचारलं, "मावशी, झोपेत काही कळलं का?"

त्यांनी आठवून पाहिलं. "काय नाय गो. तू द्या म्हनालीस आनि मग पानी मागितलं. मधे काय नव्हतंच. अंधार पन नव्हता."

माझा चेहरा पडला असावा, कारण त्या हसल्या. हसताना टाके दुखले म्हणून कुशीवर हात दाबून धरला. "अगो, मी नव्हतेच कुठं. तरी परत आले ना? म्हंजे कुनीतरी धरून ठेवलं होतं. मला माहीत नसलं म्हनून काय झालं."

मी त्यांना भात्याचं सांगितलं. हरेशलाही, जसं घडलं तसं, मरण किती जवळून गेलं तेही. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुला खूप भ्यायला झालं असेल ना?" यजमान गेल्यापासून हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि आपलं नाम पुन्हा आपल्याकडे घेतलं. अंगठा पेरांवरून सरकू लागला.

त्या घरी गेल्या. पंपिंग तेवढंच राहिलं. कुठल्याही नामाने ते वाढलं नाही आणि त्यांनी तसं मागितलंही नाही. पण फुप्फुस उलगडलं, ताप गेला. विहिरीपर्यंत मधे न बसता जाता येतं, असं हरेशने फोनवर सांगितलं. चाफ्याच्या मोसमात तो इकडे आला की फुलं देऊन जायचा. मीही पुन्हा नाम घेऊ लागले. माझी भीती गेली, असं मात्र झालं नाही. हृदयाच्या रुग्णाला मी अजून भिते, आणि त्या भीतीनेच प्रत्येक औषध दोनदा तपासते. फरक एवढाच पडला की, पूर्वी मला वाटायचं, आपण चुकलो नाही तर कुणी जाणार नाही, आणि कुणी गेलं म्हणजे आपण चुकलो. तो हिशेब मी आता करत नाही. माझ्या हातात जेवढं आहे ते शेवटच्या थेंबापर्यंत करायचं. त्यापुढचं पूर्वीही माझं नव्हतं.

वर्षाहून थोडा अधिक काळ गेल्यावर एका सकाळी हरेशचा फोन आला. "डॉक्टर, आई गेली. झोपेतच. फुलं काढायला सगळी उठली, ती उठली नाय."

मी विचारलं, त्रास झाला का.

"नाय. कूस पन बदललेली नव्हती."

दुपारी मी त्यांच्या गावी गेले. घरासमोर मांडव होता, बागेतून ओल्या मातीचा वास येत होता. मला तिथे हरेशशिवाय कुणी ओळखत नव्हतं. आत ओटीवर चटया टाकून बायका बसल्या होत्या. मी उंबऱ्याशी अवघडून उभी राहिले. तेव्हा एक म्हातारी बाई बाजूला सरकली, शेजारच्या जागेवर हात आपटून म्हणाली, "ये गो बाय, बस. उभी नको राहू." मी कोण, कुठली, काही विचारलं नाही.

मी बसले. आणि यजमान गेल्यानंतर जे एकदाही आलं नव्हतं ते रडू मला आलं. किती वेळ रडले ते ठाऊक नाही. जमनामावशींसाठी रडत होते आणि माझ्या यजमानांसाठीही, आणि तिथे कुणालाच ते वेगळं करून सांगावं लागलं नाही. रडता रडता मनात एवढंच आलं, की दत्तमहाराज, तुमचं होतं, तुम्ही नेलंत. मधे जेवढं माझ्यापाशी ठेवलंत तेवढ्यासाठी मी तुमची ऋणी आहे.

शेजारच्या म्हातारीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला.